घराचा फोन सर्वांच्या हाताशी: दोन लाइनचा कॉर्डलेस निवडताना

घरातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, तरी घराचा म्हणून एक फोन असावा असे आम्हाला वाटते. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत कर्ते पुरुष आखातात किंवा मुंबईत असतात. सूनबाई बाजारात, मुले मदरशात किंवा शाळेत, आणि घरी दादीजान एकट्या. त्यांच्या मोबाइलचे चार्जिंग संपलेले असते, नाहीतर तो दुसऱ्या खोलीत वाजत राहतो. अशा वेळी उशाशी ठेवलेला, मोठ्या बटणांचा कॉर्डलेस हँडसेट फार मोठा आधार ठरतो.

आता बऱ्याच घरांत तांब्याच्या तारेचा जुना नंबर आहेच, आणि इंटरनेटसाठी फायबर घेतल्यावर त्यासोबत आणखी एक नंबर आला आहे. जुना नंबर साऱ्या नातेवाइकांना पाठ, म्हणून तो सोडवत नाही. मग दोन्ही नंबर एकाच फोनवर घेता येतील का, असा प्रश्न पडतो.

येथे दोन गोष्टींत गल्लत होते. एका बेसला तीन-चार हँडसेट जोडलेले असले म्हणजे तो फोन ‘मल्टी-लाइन’ होत नाही. तो मल्टी-हँडसेट झाला. नंबर एकच असल्याने हॉलमध्ये अब्बा बाहेरच्या कोणाशी बोलत असतील, तर स्वयंपाकघरातून दुसरीकडे फोन लावता येत नाही. फार तर हँडसेट ते हँडसेट इंटरकॉमवर बोलता येते. खऱ्या दोन लाइनच्या फोनला दोन नंबर जोडता येतात. दोन्हींची बटणे वेगळी असतात आणि रिंगही वेगळी ठेवता येते. एका लाइनवर अब्बा आणि दुसऱ्या लाइनवर अम्मी एकाच वेळी बोलू शकतात. म्हणून डब्यावर किती हँडसेट लिहिले आहेत, यापेक्षा किती लाइन लिहिल्या आहेत ते आधी वाचावे.

दोन लाइनचे कॉर्डलेस आपल्याकडच्या साध्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. त्यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक नंबरला एकेक साधा कॉर्डलेस जोडावा आणि दोन्ही बेस एकमेकांपासून दूर ठेवावेत. किंवा घरातच दवाखाना, शिकवणी अथवा शिलाईचे काम असेल, तर दोन बाहेरच्या लाइन घेणारा लहानसा ईपीएबीएक्स बसवावा. त्याच्या एक्स्टेंशनला साधा कॉर्डलेसही जोडता येतो.

परदेशातून फोन आणवताना मात्र जपावे. अमेरिकेत दोन लाइनचे फोन सहज मिळतात; पण तिथले ‘डेक्ट ६.०’ फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे या लहरी मोबाइल सेवेसाठी आहेत, त्यामुळे असा फोन येथे वापरणे योग्य नाही. शिवाय त्याचा अडॅप्टर अनेकदा फक्त १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. युरोपच्या पद्धतीचे डेक्ट फोन १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतात. फोन करणाऱ्याचा नंबर दाखवण्याची पद्धतही देशोदेशी वेगळी असते, म्हणून बाहेरच्या फोनवर तो दिसेलच असे नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विजेचा. तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा मिळतो, त्यामुळे घरची लाइट गेली तरी तो चालतो. कॉर्डलेसचा बेस मात्र घरच्या विजेवर असतो. हँडसेटची बॅटरी भरलेली असली, तरी बेस बंद पडला की फोन मुका. फायबरच्या डब्याचेही तसेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा जुन्या लाइनवर तारेचा एक साधा फोन राहू द्यावा, आणि फायबरचा डबा व बेस यांना लहान यूपीएस द्यावा. तो काही तासच पुरतो, पण रोजच्या लाइट जाण्यात तेवढे पुष्कळ असते.

डेक्ट फोनचा पल्ला मोकळ्या जागेत सुमारे ३०० मीटर आणि घरात सुमारे ५० मीटर सांगतात. जांभ्या दगडाच्या जाड भिंती असतील, तर तो आणखी घटतो. बेस घराच्या मध्यावर, उंचावर आणि फ्रिज किंवा लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा. हँडसेटमध्ये निकेल-मेटल हायड्राइडच्या रिचार्जेबल बॅटऱ्याच घालाव्यात. साधे सेल घालून चार्जिंगला लावले, तर ते गळतात किंवा फुटतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी बटणे मोठी, अक्षरे उजेडात दिसणारी, आवाज वाढवता येणारा आणि स्पीकर असलेला हँडसेट पाहावा. हरवलेला हँडसेट शोधण्यासाठी बेसवर ‘पेज’चे बटण आहे ना, तेही पाहावे. नमाजच्या खोलीतल्या हँडसेटची रिंग बंद ठेवून बाकीच्यांची चालू ठेवता येते का, हे दुकानातच विचारावे.

फोन आल्यावर नंबर साठवताना १५ जानेवारी २०२१ पासूनचा नियम लक्षात ठेवावा: लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. मुलाचा, डॉक्टरांचा आणि शेजारच्या घराचा नंबर तसाच एका बटणावर ठेवावा, आणि तातडीच्या मदतीचा ११२ हँडसेटजवळ मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावा.

शेवटी निवड करताना घरात फोनची सर्वांत जास्त माहिती असणाऱ्याचे मत पुरेसे समजू नये. दादीजानच्या हाती हँडसेट द्यावा आणि कोणीही न सांगता त्यांना मुलाला फोन लावता येतो का ते पाहावे. त्यांना जमला, तर तो फोन आपल्या घरासाठी योग्य.