काजूच्या बागेतला माकडताप आणि मजुराचा भरपाईचा हक्क

काजूचा हंगाम आला की बेळगाव जिल्ह्यातील अनेक कुटुंबे गोव्यात बागकामाला जातात. आपल्या सभासदांपैकीही काहींच्या घरची माणसे तिकडे कामाला असतात, तर काहींच्या स्वतःच्या बागा आहेत. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंना माहीत असायला हवा: कामाच्या जागी संसर्गजन्य रोग जडला, तर भरपाई मिळते का?

मिळते. कायदा अशा रोगाला अपघातच मानतो. मात्र हातपाय मोडला तर तो सर्वांना दिसतो, तापाचे तसे नसते. ताप कामावरूनच आला हे दाखवावे लागते आणि त्याचा पुरावा पहिल्या काही दिवसांतच जमवावा लागतो.

माकडताप म्हणजे काय?

या रोगाचे वैद्यकीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये तो कर्नाटकातील तेव्हाच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. जंगलातली माकडेही याच रोगाने मरतात, म्हणून लोक त्याला माकडताप म्हणतात. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही. एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी होते आणि काहींना रक्तस्राव होतो. शंभर रुग्णांमागे साधारण तीन ते पाच जण दगावतात.

गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ पासून आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांत २०१६-१७ मध्ये याचे रुग्ण आढळले. २०१६ च्या हंगामात गोव्याच्या काजूबागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांनाही लागण झाली. त्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकातही झाली, आणि तीही कामावरून जडलेला रोग म्हणूनच. कारण समजण्यासारखे आहे. तापाचा हंगाम डिसेंबर ते मे, आणि काजूची बी वेचण्याचे दिवसही त्यातच येतात. जंगलाला लागून असलेल्या बागेत पातेऱ्यात वाकून, बसून काम करणाऱ्याला गोचीड चावण्याचा धोका सर्वांत जास्त.

कायदा काय म्हणतो?

१९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, पण भरपाईची मूळ तत्त्वे तीच आहेत.

कामावरून होणाऱ्या रोगांची यादी तिसऱ्या परिशिष्टात दिली आहे. तिच्या ‘अ’ भागात पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची आहे. रुग्णालय व प्रयोगशाळेतले काम, जनावरांच्या दवाखान्यातले काम, जनावरे किंवा त्यांची कलेवरे हाताळणे, आणि शेवटी ‘संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम’. बागेतल्या मजुराचा मार्ग या शेवटच्या ओळीतून जातो. तिथे बागकामाचे नाव लिहिलेले नाही. म्हणून अमुक बागेत हा धोका खरोखर होता, हे मजुराला दाखवावे लागते. त्या गावात त्या वर्षी सापडलेले रुग्ण, मेलेली माकडे, आरोग्य खात्याने दिलेला इशारा, त्याच बागेतले इतर आजारी मजूर यांचा इथे उपयोग होतो.

एकदा हे सिद्ध झाले की रोग कामावरूनच झाला असे कायदा गृहीत धरतो. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग मालकावर येते. मालकाची चूक होती का, हा प्रश्नच नसतो. ‘अ’ भागातील रोगासाठी ठरावीक महिने नोकरी झालेली असण्याचीही अट नाही.

दिवसांचा हिशेब

गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. त्यामुळे ताप आलेल्या दिवसापासून आठवडाभर मागे मोजावे. त्या दिवसांत माणूस कुठे कामाला होता, यावर सगळा दावा उभा राहतो. आपल्याकडे खानापूरसारखा जंगली भाग आहे, तेव्हा ‘ताप तुमच्या गावातच आला असेल’ असे मालक म्हणू शकतो. त्याला उत्तर कागदाने द्यावे लागते.

बागेत हजेरीपट नसतो आणि मजुरी बऱ्याचदा रोख मिळते. तरी मुकादमाची वही, फोनवरून आलेले पैसे, एसटीचे तिकीट, बागेत काढलेले फोटो आणि सोबतच्या मजुरांचे जबाब उपयोगी पडतात. दवाखान्यात गेल्यावर कोणत्या गावी, कोणत्या बागेत, कधीपर्यंत काम केले हे डॉक्टरांना सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे. रक्ततपासणी लगेच करावी. सुरुवातीच्या दिवसांत आरटी-पीसीआरने विषाणू सापडतो, नंतर प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. ‘साधा ताप’ एवढीच नोंद राहिली तर पुढे काही करता येत नाही.

किती मिळते, कुठे मागायचे?

आजारामुळे तीन दिवसांहून जास्त काम बुडाले तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या पंचवीस टक्के रक्कम आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मिळतो. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा १८४.१७ आहे. वेतन १२,००० रुपये असेल तर ६,००० गुणिले १८४.१७, म्हणजे ११,०५,०२० रुपये. देय झालेली रक्कम महिन्याभरात दिली नाही तर व्याज लागते, आणि कारण नसताना टाळली तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही होतो.

मालकाला शक्य तितक्या लवकर लेखी कळवावे. दावा दोन वर्षांच्या आत करावा. आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस अपघाताचा दिवस धरला जातो. दाव्यासाठी गोव्याला खेटे घालायची गरज नाही. मजूर किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथेही तो करता येतो. कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचे ते कामगार खात्याच्या कार्यालयात कळेल. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.

‘हक्क सोडला’ अशा कागदावर सही घेतली असली तरी ती कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूची भरपाई अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. घरी येऊन हातावर ठेवलेल्या पैशांपैकी तीन महिन्यांच्या वेतनाएवढीच आगाऊ रक्कम त्यातून वजा होऊ शकते.

रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी

परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, वॉर्डबॉय यांची कामे यादीत स्पष्टपणे आहेत. मात्र आपली ईएसआय वर्गणी कापली जात असेल तर दावा मालकावर नव्हे, ईएसआय महामंडळाकडे करायचा. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही.

बागायतदारांसाठी

मजूर ठेकेदारामार्फत आणला तरी जबाबदारी टळत नाही. भरपाई आधी बागमालकाकडून मागता येते, मग ती त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. विमा कंपन्या यासाठी पॉलिसी देतात, ती हंगामाआधी घ्यावी. रोजच्या हजेरीची साधी वही ठेवावी. खोटा दावा आला तर मालकाला तिचाच आधार असतो आणि खऱ्या दाव्यात ती मजुराच्या कुटुंबाच्या कामी येते. अंगभर कपडे, गोचीड दूर ठेवणारे तेल आणि काम संपल्यावर गरम पाण्याने आंघोळीची सोय, एवढे केले तरी अनेक जण या तापापासून वाचतील.