गब्बरचा न्याय आणि खिडकीपुढचा माणूस

१ मे २०१५ रोजी, म्हणजे कामगारदिनी आणि महाराष्ट्रदिनी, ‘गब्बर इज बॅक’ हा हिंदी बोलपट पडद्यावर आला. ए. आर. मुरुगदास यांच्या २००२ सालच्या ‘रमणा’ या तामिळ चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. दिग्दर्शक क्रिश, नायक अक्षय कुमार. नाव मात्र ‘शोले’तल्या डाकूचे. गावे लुटणाऱ्याचे नाव या वेळी लाचखाऊंना धाक घालणाऱ्याने घेतले, यातच चित्रपटाचा सारा रोख आला.

कथा आपल्या महाराष्ट्रातच घडते. निकृष्ट बांधकामाची इमारत कोसळते आणि तीत एका प्राध्यापकाचा संसार गाडला जातो. दाद कोठेच लागत नाही. मग तो विद्यार्थ्यांचे गुप्त जाळे विणतो, पुरावे जमवतो, लाचखाऊ अधिकारी पळवतो आणि त्यांतल्या सर्वांत भ्रष्ट माणसाला ठार करतो. खाजगी इस्पितळात मृतदेहावर ‘उपचार’ चालू ठेवून बिल वाढवले जाते, तो प्रसंग तर पुष्कळांच्या ध्यानात राहिला आहे.

अशा वेळी टाळी वाजवणाऱ्याला हसू नये. ती टाळी रक्तासाठी नसते. साध्या दाखल्यासाठी ज्याने चार खेटे घातले आणि ज्याला दरवेळी ‘साहेब जागेवर नाहीत’ हेच ऐकावे लागले, त्याचा तो साठलेला संताप असतो.

पण श्रोतेहो, टाळी थांबल्यावर थोडा विचार केला पाहिजे. गब्बरच्या दरबारात आरोप करणारा, पुरावा तपासणारा आणि शिक्षा देणारा एकच. आरोपीला बोलू द्यायचे कारण नाही, कारण गब्बर चुकत नाही अशी सोय कथालेखकाने आधीच करून ठेवलेली असते. गिरणीत-कारखान्यात अशी सोय नसते. आरोपपत्र द्या, म्हणणे ऐका, मग शिक्षा करा, हा नियम पदरात पाडून घ्यायला कामगारांना फार झगडावे लागले. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने त्याला आधार दिला. चौकशीवाचून शिक्षा हा न्याय ठरला, तर तो साहेबापाशी थांबणार नाही. त्याचा पहिला घाव गरिबावर पडेल, कारण त्याच्या मागे वकील नसतो.

दुसरी गोष्ट. लाच एका दुष्ट माणसातून उगवत नाही. काम अडवण्याचा अधिकार, त्याला मुदत नसणे आणि कागद झाकून ठेवणे, या तिन्हींतून ती उगवते. माणूस मारला तरी खुर्ची तीच राहते आणि तीवर दुसरा येऊन बसतो.

या मुळांवर घाव घालणारे कायदे आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने झाकलेला कागद तीस दिवसांत मागता येतो. आणि योगायोग पहा: हा चित्रपट येण्याच्या तीनच दिवस आधी, २८ एप्रिल २०१५ पासून, महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा लागू झाला. अधिसूचित सेवेला त्याने मुदत घातली. ती टळली तर अपील, त्यावर दुसरे अपील, त्याहीवर आयोग. आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड. लाच मागितलीच, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो. नोटांना लावलेली पूड घेणाऱ्याच्या बोटांना चिकटते आणि सोड्याच्या द्रावणात हात बुडवताच पाणी गुलाबी होते.

या कायद्यासाठी कुणी शिट्टी वाजवली नाही. तो रेंगाळतो, अपिले तुंबतात, अर्जदार थकतो, हेही खरे. पण एकटा माणूस थकतो म्हणून तर संघटना असते. एकाच्या अर्जावर धूळ बसते. एकाच तारखेला पन्नास जणांनी पोच घेऊन अर्ज दिले, तर ते झाकून ठेवणे जड जाते.

चित्रपटाचा शेवटही विसरू नये. नायक फासावर जातो. त्याच्यासाठी रडणारी गर्दी दिसते; उद्या खिडकीपुढे कोण उभे राहणार, हे दिसत नाही. ते काम चित्रपटाचे नव्हे, आपले आहे. आपला अर्ज द्यावा, पोच मागावी, मुदतीची तारीख लिहून ठेवावी आणि शेजाऱ्यालाही बरोबर न्यावे.