खालची वीतभर

गिरगावातल्या माणसाला अँटवर्प हे गाव अंबरनाथपेक्षा जवळचं. ऑपेरा हाउसला, पंचरत्न इमारतीच्या आसपास, हिऱ्यांचा बाजार होता. फुटपाथवर उभ्याउभ्या कागदाच्या पुड्या उघडल्या जायच्या आणि त्यातल्या खड्यांचं एक टोक कायम बेल्जियमला बांधलेलं असायचं. 2010 नंतर तो बाजार हळूहळू वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. माझी एक शाळासोबतीण याच धंद्याच्या वाटेने अँटवर्पला गेली ती तिथलीच झाली. गेल्या हिवाळ्यात तिने मला काही फोटो पाठवले. विटांची बुटकी घरं, उतरती कौलं, नदीचा बांध, बांधावर जुनी दगडी पवनचक्की, आणि माणूस एकही नाही. खाली एवढंच : "बघ, खोताची वाडी."

त्या गावाचं नाव दूल. अँटवर्पचं बंदर वाढत वाढत त्याच्या अंगावर आलं. सत्तरच्या दशकात तिथे तेराशेच्या आसपास वस्ती होती. बंदराला जागा हवी म्हणून घरं एकेक करून रिकामी होत गेली, दारांवर फळ्या ठोकल्या गेल्या आणि शेवटी वीस-पंचवीस माणसं उरली. उरलेली हटून बसली. 2022 साली तिथल्या सरकारने गाव ठेवायचं ठरवलं. "ठरलं गं," मैत्रीण फोनवर म्हणाली, "पण इतकी वर्षं कुणी न राहिलेल्या घराचं करायचं काय, ते आता कळेल त्यांना." मग तिने विचारलं, "आपली वाडी कशी आहे?"

मला सांगता येईना. मी तिथून सहा मिनिटांच्या अंतरावर वाढले. आता बोरिवलीला राहते आणि महिन्याकाठी एकदा पियूष प्यायच्या निमित्ताने गिरगावात येते. पण खोताच्या वाडीत पाय ठेवून किती वर्षं झाली, हे बोटांवर मोजायला गेले आणि बोटं संपली.

म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी गेले. सेंट तेरेसा चर्चपासून हाकेच्या अंतरावर गल्ली आत वळते आणि पन्नास पावलांत बसचा हॉर्न मागे पडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाची ही जमीन होती. त्याने तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले, त्यांनी आपल्या पद्धतीची घरं बांधली आणि नाव मात्र खोताचंच राहिलं. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच, मराठी बोलणारे मूळचे ख्रिस्ती. गोव्याकडून आणि मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण वेगळे, हे सांगण्यासाठी 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या जुबिलीच्या वर्षी, त्यांनी हे इंग्रजी नाव घेतलं. घरं लाकडी, दर्शनी उघडा व्हरांडा, मागे अंगण, वरच्या खोल्यांना जायला बाहेरून जिना. मधूनमधून आपल्या मराठी चाळीही आहेत. एका कोपऱ्यावर आयडियल वेफरच्या कढईचा वास येतो. अनंताश्रम या जुन्या खानावळीचं दार बंद असतं आणि त्यासमोरून जाताना जुना गिरगावकर आपोआप हळू चालतो.

मीही सगळे बघतात तेच बघत होते. वर. कौलं, रंगीत काचा, नक्षीच्या फळ्या. एक मुलगी फिक्या निळ्या दारासमोर साडीचा पदर उडवत होती, एक मुलगा फोटो काढत होता, लग्नाआधीचे. त्यांना वाट देताना मी बाजूला झाले आणि पायाशी काहीतरी दरवळलं.

हा वास सांगायला अवघड. जुन्या चामड्याच्या पेटीचा, थोडा मिऱ्याचा, थोडा तेलाचा. व्हरांड्यात एक मिस्त्री उकिडवा बसून करवत चालवत होता आणि भुसा त्याच्या पायाच्या बोटांवर साचला होता. रंग चॉकलेटी नाही, पिवळा नाही. उसाच्या काकवीला उन्हात धरावं तसा.

"कसलं लाकूड?"

"बर्मा साग." त्याने मान वर केली नाही. "शंभर वर्षांवरचा. वास गेला नाय अजून."

मिस्त्री कुडाळकडचा. वय साठीच्या आसपास. कानावर पेन्सिल, कमरेला गुंडाळलेला पंचा. शेजारी पत्र्याच्या डब्यात पटाश्या, प्रत्येकीच्या धारेला चिंधी बांधलेली. व्हरांड्याला सहा खांब, आणि त्यातला डावीकडून दुसरा खांब अधांतरी होता. म्हणजे अक्षरशः. वरची तुळई दोन लोखंडी जॅकवर आणि एका टेकूवर तोलून धरलेली, आणि खांबाचा तळ जोत्यावरून वर उचललेला, कुणी पाय मुडपून उभं असावं तसा. खालचा भाग कापून काढला होता. काढलेला तुकडा बाजूला पडला होता. तो मी हातात घेतला तर बोटांत चुरा आला. बिस्किटासारखा.

"सगळो खांब कधी कुसणा नाय," मिस्त्री म्हणाला. "खालची वीतभर कुसता."

पावसाचं पाणी जोत्यावर आपटतं, उडतं, खांबाच्या तळाशी मुरतं. दगड आणि लाकूड यांच्या फटीत ते वाळायच्या आत पुढची सर येते. ओल आली की पाठोपाठ वाळवी. पण वीतभर वर गेलं की लाकूड जसंच्या तसं. त्याने मला पडताळा दिला. बोटाची पेरं खांबावर वरून खाली वाजवत आणली. टण्, टण्, टण्, आणि तळापासून वीतभर राहिलं तसा आवाज बद्द झाला. पुढच्या खांबावर मला वाजवायला लावलं. तिथेही वीतभर. चौथ्यावर तर मीच आधी सांगितलं. मिस्त्री हसला नाही, पण पेन्सिलीने खूण मी सांगितली तिथेच केली.

घर ज्यांचं त्या आंटी आतून सरबत घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या, झग्यावर एप्रन, कारण मागच्या अंगणात चादरीवर मिरच्या वाळत होत्या. बाटली मसाल्याचे दिवस. एप्रिल-मे सरायच्या आत दोन डझनांहून अधिक जिनसा वाळवून, भाजून, कांडून काळपट बाटल्यांत ठासायच्या. "तू मसाला बघायला आली का?" त्यांनी विचारलं. मी खांब बघत्येय म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. "इथे लोक दार बघायला येतात."

मग त्यांनीच आकडा सांगितला. पासष्ट घरं होती, आता अठ्ठावीस. शेजारचे अंकल कंपाउंडवरून म्हणाले, सत्तावीस. एका बंद घराला घर म्हणायचं की नाही यावर दोघांचं जुनं भांडण होतं, आणि त्यात मी पडले नाही.

या घराचाही निकाल लागला होता म्हणे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ओळखीतून एक तज्ज्ञ आणला. त्याने खांबात स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो आत गेला, आणि त्याने कागदावर लिहून दिलं की व्हरांडा धोकादायक, पुढचा भाग उतरवून काँक्रीट करा. नाहीतर सगळंच उतरवा, आजकाल भाव चांगला आहे. आंटींची भावंडं कॅनडात, ऑस्ट्रेलियात. त्यांना तो कागद पटला. "मी विचारलं, स्क्रूड्रायव्हर कुठे घातला? तर खाली. सगळे खाली घालतात. वाकून वर कोण बघतो!" वाकून वर कसं बघायचं हे मला कळलं नाही, पण मुद्दा कळला.

मी स्थापत्यातली नाही, आणि मुंबईतली प्रत्येक जुनी इमारत टणटणीत आहे असा माझा दावा नाही. चाळींचे सज्जे कोसळून माणसं दगावलेली आपण दर पावसाळ्यात वाचतो. पण वीतभर सडल्याचं निमित्त करून अख्खं घर मोडीत काढणं वेगळं, आणि ते निमित्त फार सोयीचं आहे. मुंबईत 1995 साली वारसा वास्तूंची नियमावली आली, याद्या झाल्या, त्यांवर वाद झाले. यादी खांबाला टेकू देत नाही. दर पाच-सात वर्षांनी कुणीतरी जोत्याशी उकिडवं बसावं लागतं.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा गेले. खरं सांगायचं तर त्या वासासाठी गेले. मिस्त्री कलम करत होता. हा त्याचा शब्द. जुन्या खांबाला खालून लांब तिरपा काप घ्यायचा, नव्या तुकड्याला वरून त्याच उताराचा, आणि आंब्याच्या फांदीला बांधतात तसं एकाला एक बसवायचं. सरळ आडवा काप दिला तर सांधा पाणी धरतो. तिरप्यावरून ते ओघळून जातं, आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूलाच हवा. तुकडा त्याने सात वेळा लावला आणि काढला. दर वेळी जुन्या कापावर निळी खडू-पूड लावायची, तुकडा दाबायचा, काढून निळा डाग कुठे उठला ते बघायचं आणि तेवढंच पटाशीने खरवडायचं. सातव्या वेळी निळाई सगळीकडे सारखी उठली. मग भोकं पाडून सागाच्याच खुंट्या ठोकल्या. लोखंडी खिळा का नाही? त्याने काढलेल्या तुकड्यातला जुना खिळा दाखवला. भोवतीचं लाकूड काळंमिट्ट झालं होतं. "हा आधी कुसवतो. पाणी मग येतं."

बाकीचं काम कुणीही करील असं : घासणं, अळशीचं तेल, रंग.

नवा तुकडा नवा नव्हताच. व्हरांड्याच्या कडेला साताठ फुटांचा एक वासा पडला होता, त्यातून तो कापत होता. रे रोडच्या वखारीतून आणलेला. आजकालचा साग झाड लहान असतानाच तोडतात, तो इथे चार पावसाळे काढणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून जुन्याला जुनं. आणि जुनं लाकूड वखारीत येतं ते पाडलेल्या घरांतून.

मी वाशाकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. वरून तेलकट हिरवा रंग, टवका उडालेला तिथे आकाशी, त्याखाली चुन्याचा पांढरा. आमच्या चाळीतही हिरव्याखाली आकाशी होता. मिस्त्री दर कापाआधी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक वाशावरून फिरवायचा, आत खिळा असला तर करवतीचे दात जातात म्हणून. एका जागी चुंबक खटकन चिकटला. रंगाच्या थरांखाली काहीतरी होतं. पटाशीने पोपडा उडवला तर लोखंडी कडी निघाली, वाशात आरपार बसवलेली, आणि आतून एका बाजूला झिजून चकचकीत झालेली.

"पाळण्याची," आंटी म्हणाल्या.

"झोपाळ्याची जाड असते," मिस्त्रीनेही दुजोरा दिला.

कुठल्या घरातली, वखारवाल्यालाही ठाऊक नसणार. गिरगावातली असेल, परळची असेल, लालबागची असेल. आमची चाळ उतरवली त्या दिवशी मी तिथे होते. लोक देवघरं, पितळी नळ, नावांच्या पाट्या घेऊन गेले. पुढे काही महिने भाड्याच्या चेकवरून वाद झाले, ते आम्ही सगळ्यांनी हिरिरीने घातले. वासे ट्रकमध्ये चढताना मी पाहिले, आणि ते कुठे जातात हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आंटींच्या पासष्टातून अठ्ठावीस वजा केली की सदतीस उरतात. त्या सदतीस घरांचं लाकूड गेलं असेल कुठे कुठे; कुणाच्या हॉटेलात टेबलं झाली असतील, कुणाच्या फार्महाउसचं दार. थोडंसं अशाच एखाद्या खांबाच्या तळाशी बसलं असेल. पडलेल्या घराने उभ्या घराला वीतभर आधार द्यायचा, असा हा हिशेब आहे, आणि तो फार दिवस पुरणारा नाही, हे मिस्त्रीला माझ्याआधी कळलेलं होतं.

तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा दुसरा खांब जोत्यावर टेकला होता. त्याच्याखाली मिस्त्रीने शिशाचा पातळ पत्रा सरकवला होता, ओल वर चढू नये म्हणून. जॅक सैल करताना त्याने आंटींना घरात जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत. तुळई एकदा करकरली आणि बसली. मी पेरं वाजवली. वरपासून खालपर्यंत टण्. सांधा डोळ्यांना दिसत होता, बोटांना लागत नव्हता. रस्त्यावरून एक घोळका चालला होता, पुढच्या माणसाच्या हातात छत्री होती आणि तो सगळ्यांना वर बघायला सांगत होता.

मैत्रिणीला मी सांध्याचा फोटो पाठवला. तिने विचारलं, यात काय बघायचं?

चौथ्या खांबाचं काम सुरू झालं होतं. वासा आता हातभर उरला होता, आणि त्यानंतर तिसरा आणि सहावा असे दोन खांब बाकी होते. त्यांना लाकूड कुठून आणणार, मी विचारलं.

"वखारीत सांगून ठेवलंय. येत्या पंधरवड्यात एक चाळ उतरवतायत परळला. त्यातलं बघू."

पावसाला पाच आठवडे होते.