सोलोतून कॉर्ड ऐकू यावी म्हणून

ए मायनर पेंटॅटॉनिक स्केल हातात बसलं की गिटारवर ब्लूज वाजवता येतो. तरीही सोलो अनेकदा एकसुरी वाटतो, कारण खालची कॉर्ड बदलली तरी वरचे स्वर तिची दखलच घेत नाहीत. ती दखल कशी घ्यायची, ते थिअरी सांगते. बॅकिंग ट्रॅकचं सॉफ्टवेअर त्याचा सराव करून घेतं.

१९९० पासून चालत आलेलं बँड-इन-अ-बॉक्स किंवा फोनवरचं आयरियल प्रो उघडा. बारा बारचा ब्लूज भरा: ४ बार ए-सेव्हन, २ डी-सेव्हन, २ ए-सेव्हन, १ ई-सेव्हन, १ डी-सेव्हन आणि शेवटी २ ए-सेव्हन. टेंपो ७० ठेवा. बास, ड्रम आणि पियानोची साथ तयार होते.

ए-सेव्हनमध्ये ए, सी शार्प, ई आणि जी हे चार स्वर असतात. ए बास सांभाळतो. कॉर्डची ओळख ठरते ती एपासून मोजलेल्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरावर, म्हणजे सी शार्प आणि जीवर. हे दोन स्वर तिसऱ्या तारेच्या ६व्या आणि दुसऱ्या तारेच्या ८व्या फ्रेटवर मिळतात. दोन्ही बोटं एक फ्रेट मागे घ्या: सी आणि एफ शार्प, म्हणजे डी-सेव्हनची ओळख. मूळ जागेवरून एक फ्रेट पुढे न्या: डी आणि जी शार्प, म्हणजे ई-सेव्हनची. सगळा ब्लूज एवढ्या तीन जागांत मावतो.

ए हा सा धरला, तर सी कोमल गंधार आणि सी शार्प शुद्ध गंधार. पेंटॅटॉनिकमध्ये फक्त कोमल आहे. म्हणून ए-सेव्हनवर तिसऱ्या तारेच्या ५व्या फ्रेटवरून ६व्यावर सरका, आणि डी-सेव्हन आली की ५व्यावरच थांबा.

आता चौथा आणि पाचवा बार लूपवर टाका. चौथ्यात मनाला येईल ते वाजवा, पण पाचव्याच्या पहिल्या मात्रेवर सी किंवा एफ शार्प यायलाच हवा. ते जमलं की नवव्या बारवर ई-सेव्हनचे स्वर तसेच पकडा.

शेवटी पियानो म्यूट करा. फक्त बास आणि ड्रमवर पूर्ण फेरी वाजवून रेकॉर्ड करा. ऐकताना कॉर्ड कुठे बदलली हे तुमच्या गिटारवरूनच कळलं पाहिजे. जिथे कळत नाही, तेवढेच दोन बार पुन्हा लूपवर घ्या. टेंपो त्यानंतरच वाढवा.