चाळिशीनंतरचा व्यायाम आणि टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, अशा आपल्या गावांतही आता जिम आली आहे. चाळिशी ओलांडलेले पुरुष तिथे वजन उचलतात, ही चांगलीच गोष्ट आहे. व्यायामाची आवड वऱ्हाडाला जुनी आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. अडचण पुढे येते. पूर्वीइतकं वजन उचलवत नाही, पोट सुटतं, दिवसभर थकवा जाणवतो. मग कोणीतरी सांगतं, ‘भाऊ, तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी झालं, इंजेक्शन घ्या.’ हे इंजेक्शन शरीरात काय करतं आणि ते खरोखर कोणाला लागतं, एवढंच आज आपण पाहू.

घट होते हे खरं आहे. चाळिशीच्या आसपास सुरू होऊन ती वर्षाला साधारण १ टक्का होते, म्हणजे अगदी संथ. युरोपात ४० ते ७९ वयाच्या ३ हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली. निष्कर्ष २०१० साली आले. लैंगिक लक्षणं आणि रक्तातली कमतरता दोन्ही एकत्र असलेले पुरुष २ टक्क्यांच्या आसपासच निघाले. मग बाकीच्यांना थकवा का येतो? अपुरी झोप, सुटलेलं पोट, मधुमेह, दारू, मनावरचा ताण ही नेहमीची कारणं. निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी खाली आलं. झोप सुधारायला तर इंजेक्शन लागत नाही!

आता आतलं काम समजून घेऊ. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते. ती दोन संप्रेरकं सोडते आणि त्यांच्या हुकमावर अंडकोश टेस्टोस्टेरॉन व शुक्राणू बनवतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू समजतो, पुरवठा भरपूर आहे, आणि हुकूम थांबवतो. गावात टँकर सुरू झाला की विहिरीचा गाळ कोणी काढत नाही, तसंच हे. अंडकोश लहान होतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. म्हणूनच याच औषधाची पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणूनही चाचणी झाली आहे. इंजेक्शन बंद केल्यावर काम पूर्ववत व्हायला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. ज्यांना अजून मूल हवं आहे, त्यांनी हे आधी ऐकावं. मूल होत नाही म्हणून घरात बायकोच्याच तपासण्या होत राहतात.

दुसरा धोका रक्ताचा. तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होतं. त्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं की डॉक्टर औषध थांबवतात किंवा मात्रा कमी करतात. २०२३ साली ५ हजारांवर पुरुषांची मोठी चाचणी जाहीर झाली. देखरेखीत, मोजक्या मात्रेत औषध घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके जास्त आले नाहीत. पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात गुठळी हे प्रकार मात्र वाढले. जिममधल्या मनमानी मात्रेला हा दिलासा लागू होत नाही.

मग उपचार कोणासाठी? ज्यांना लक्षणं आहेत आणि वेगवेगळ्या दिवशी सकाळी केलेल्या दोन तपासण्यांत पातळी कमी आली आहे, त्यांच्यासाठी. अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ही सीमा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर धरली आहे. त्यानंतरही कमतरतेचं कारण शोधावं लागतं. अशा रुग्णाला औषधाने खरंच बरं वाटतं. त्याने लाजून मागे राहू नये.

बाकी आपण सर्वांनी आधी साखर, रक्तदाब आणि झोप तपासून घ्यावी, पोट कमी करावं आणि वजन उचलणं चालू ठेवावं. आणि सुई कोणी पुढे केलीच तर एवढं विचारावं: माझे दोन रिपोर्ट कुठे आहेत, आणि हे बंद केल्यावर माझं काय होईल?