घरचा भार, शहराचा आधार (लेखांक सहावा) : केसपेपरच्या रांगेजवळचं दार

थकलेल्या कुटुंबाला समुपदेशन लागतं, इथवर आपण आलो. ते कुठे मिळावं, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. बोरिवलीची किंवा मुलुंडची बाई पहाटे पाणी भरते, डबे करते, लोकल गाठते आणि परतल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करते. ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी असलेल्या दारात जायला तिला ना वेळ असतो, ना घरी सांगायला कारण. ‘दवाखान्यात जाऊन येते’ म्हटलं, तर सहसा कुणी अडवत नाही. म्हणून आधाराची जागा महापालिकेच्या रुग्णालयातच हवी, असं माझं ठाम मत आहे.

याचा पुरावा मुंबईतच आहे. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून 2000 च्या सुमारास घरात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ विभाग सुरू केला. ‘जिन्यावरून पडले’, ‘चुकून फिनेल प्याले’ असं सांगणाऱ्या बाईची जखम आणि हकीकत जुळत नाही, हे पट्टी बांधणाऱ्या परिचारिकेला कळू शकतं. अशा बाईला कसं विचारायचं, कशी नोंद करायची, हे तिथे परिचारिकांना आणि डॉक्टरांना शिकवलं गेलं. पुन्हा मार बसला तर कुठे जायचं, कागदपत्रं कुठे ठेवायची, तक्रार कशी करायची, हे समुपदेशक पाहतात. घरी परतणं धोक्याचं असेल, तर थोडा काळ रुग्णालयातच ठेवून घेण्याची वाटही काढली गेली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 मध्ये लागू झाला. रुग्णालयाने त्याच्या कितीतरी आधी पाऊल टाकलं होतं. पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून हे काम उपनगरांतल्या आणखी रुग्णालयांत गेलं.

डॉक्टरांना आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही, मग हे ओझं कशाला, असं विचारलं जातं. पण मूळ कारण कुणी विचारलंच नाही, तर तीच बाई नवी जखम घेऊन त्याच रांगेत येते. फोनवर मदत मिळते, मग रुग्णालयात कशाला, असंही म्हटलं जातं. 2022 पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे आणि तो हवाच. मात्र दहा बाय दहाच्या खोलीत, ज्याच्याविषयी बोलायचं तो समोरच बसलेला असताना फोन कसा लावायचा? खरा गंभीर आक्षेप वेगळा आहे : समुपदेशन म्हणजे ‘जरा जुळवून घे’. ही भीती रास्त आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिलांसाठी विशेष कक्ष उभा केला, तेव्हापासूनच्या कामाचा धडा असा की हिंसा ही तडजोडीची बाब नाही. समुपदेशकाने बाईच्या बाजूने उभं राहायचं.

मारहाण नसलेल्या घरांनाही हे दार उघडं व्हावं. घाटकोपरच्या राजावाडीत, अंधेरीकरांच्या कूपरमध्ये, मुलुंडच्या अग्रवाल रुग्णालयात पेशंटची फाइल हातात धरून कुणीतरी उभं असतं. वडिलांचं डायलिसिस, भावाचा मानसिक आजार, मुलाचं अपंगत्व, सारं तेच माणूस सांभाळतं. डॉक्टर तपासतात पेशंटला. ‘तुम्ही झोपता का?’ असं या माणसाला विचारणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. ते समुपदेशकाच्या कामात लिहिलं जावं आणि पद कायम असावं. करारावरचा समुपदेशक बदलला, की बाईला आपली सगळी कहाणी नव्या माणसापुढे पहिल्यापासून सांगावी लागते, आणि अनेकजणी ती दुसऱ्यांदा सांगत नाहीत.