विश्लेषण : आईला ल्युपस, थायरॉइड असेल तर बाळाच्या वाढीचे काय?

दिवस गेल्याचे कळले, की ल्युपस, संधिवात किंवा थायरॉइडच्या गोळ्या आधी बंद कर, असा सल्ला घरातूनच मिळतो. औषध बाळाला बाधेल ही त्यामागची भीती. मात्र अनेकदा औषधापेक्षा आटोक्यात नसलेला आजारच बाळाला अधिक घातक ठरतो.

स्वयंप्रतिकार आजार म्हणजे काय?

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते, तेव्हा हे आजार होतात. ल्युपस, ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि हाशिमोटो थायरॉइड ही त्यांची उदाहरणे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, तेही अनेकदा मूल होण्याच्या वयात, ते जास्त आढळतात.

बाळापर्यंत काय पोहोचते?

आजार सहसा थेट बाळाला होत नाही. मात्र आईच्या रक्तातील काही प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात. ‘अँटी-आरओ’ प्रतिपिंडे असलेल्या मातांच्या साधारण १ ते २ टक्के बाळांमध्ये हृदयाच्या ठोक्यांची विद्युतयंत्रणा बिघडते. हा दोष बहुधा १८ ते २४ आठवड्यांदरम्यान दिसतो. तो पूर्ण स्वरूपाचा असेल तर बरा होत नाही. अशा अनेक मुलांना पेसमेकर लागतो. काही बाळांच्या अंगावर चट्टे उठतात, पण आईची प्रतिपिंडे संपली की सहा-आठ महिन्यांत ते जातात.

मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो?

गर्भाची थायरॉइड ग्रंथी सुरुवातीचे चार-पाच महिने पुरेसे काम करत नाही. तोवर मेंदूच्या वाढीसाठी लागणारे संप्रेरक आईकडूनच मिळते. त्यामुळे थायरॉक्सिनची गोळी बंद करणे धोक्याचे. उलट या काळात मात्रा अनेकदा वाढवावी लागते. ल्युपस भडकला तर रक्तदाब वाढणे, मुदतपूर्व प्रसूती, बाळाचे वजन कमी भरणे हे धोके असतात. खूप लवकर जन्मलेल्या मुलांमध्ये बोलणे, चालणे, शिकणे मागे पडू शकते. काही अभ्यासांत आईचा आजार आणि मुलाची स्वमग्नता यांत थोडा संबंध दिसला आहे. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. अशा मातांच्या बहुसंख्य मुलांची वाढ सर्वसामान्य होते.

कोणती औषधे चालतात?

मेथोट्रेक्झेट आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेपूर्वीच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलावी लागतात. करोनाकाळात घरोघरी माहीत झालेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र ल्युपसमध्ये गर्भारपणातही सुरू ठेवतात. आधीच्या बाळाला हृदयाचा हा दोष असल्यास पुढच्या बाळात तो येण्याचा धोका सुमारे १८ टक्के असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे औषध घेणाऱ्या मातांमध्ये हे प्रमाण सुमारे ७ टक्के आढळले.

नवी मुंबईतील कुटुंबांनी काय करावे?

आजार किमान सहा महिने शांत असताना गर्भधारणेचे नियोजन करणे उत्तम. वाशी, नेरुळ, ऐरोलीत महापालिकेची रुग्णालये आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. पहिल्याच भेटीत आजाराचे नाव आणि सर्व गोळ्या दाखवाव्यात. अँटी-आरओ असल्यास ‘फीटल इको’, म्हणजे गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी, कधी करायची हे विचारून घ्यावे. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांवर खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मोफत उपचार होतात.

जन्मानंतर कोणती काळजी?

आईने गर्भारपणाच्या उत्तरार्धात इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब अशी बायोलॉजिक इंजेक्शने घेतली असतील, तर ती बाळाच्या रक्तात काही महिने राहतात. बीसीजी ही जिवंत जंतूंची लस असल्याने अशा बाळांना ती उशिरा दिली जाते. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात, म्हणून प्रसूतिगृहाला हे आधीच सांगावे. पुढे मान धरणे, बसणे, बोलणे यांत बाळ मागे वाटल्यास ‘मोठे झाल्यावर सुधारेल’ म्हणून थांबू नये. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.